फणसाचा चीक

सकाळपासून हातांना खोबरेल चोळतेय, तरी चीक सुटत नाहीये. सासूबाईंनी मंडईतून कुयरी, म्हणजे कोवळा फणस, आणली आणि विळी माझ्याच पुढ्यात सरकवली. तासभर सोलणं-चिरणं, मग शेंगदाणे घालून भाजी, वर ओलं खोबरं. जेवणाऱ्यांनी दहा मिनिटांत कढई रिकामी केली. कुणी "छान झालीय" म्हटलं नाही ते नाहीच.

दुपारी आडवी पडले तर मोबाइलवर शेफ गरिमा अरोरा. मुंबईत वाढलेली, आधी पत्रकार. मग पॅरिसला ल कॉर्दाँ ब्ल्यू या पाककलेच्या शाळेत शिकली, कोपनहेगनच्या नोमा रेस्टॉरंटात राबली, २०१७ मध्ये बँकॉकला स्वतःचं 'गा' रेस्टॉरंट काढलं. २०१८ मध्ये मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटांच्या जगातला मोठा मान, तो मिळवणारी पहिली भारतीय स्त्री! २०२३ च्या डिसेंबरात दुसरा. पत्रकारिता सोडून स्वयंपाकघरात जायचं म्हणजे आमच्याकडे लोकांनी वेड्यातच काढलं असतं.

आणि तिच्याकडची गाजलेली डिश कुठली? कोवळा फणस! ग्रिल केलेला, सोबत रोट्या आणि लोणची.

उठून सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला, मग म्हणाल्या, "ते सगळं ठीक, पण ती चीक कशाने काढते गं?"