बंदुकीचं कपाट निवडताना

आमच्या घरातली ठासणीची बंदूक आता माझ्या नावावर आहे. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं गाठली किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं राहिली, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो, अशी सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर तेच केलं. मी एकुलती एक, आणि कुडाळ तालुक्यातली आमची बाग आता मीच बघते. वर काजू, मध्ये माड, खाली मळ्यात भात, आणि काजूच्या गडग्यापलीकडे लगेच रान. वानर दिवसा येतात, डुक्कर रात्री.

परवान्याच्या अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र द्यावं लागतं. आमच्याकडे बंदूक आजोबांच्या काळापासून माजघरातल्या खुंटीला टांगलेली असायची. गावात अजून कित्येक घरांत तशीच असते. त्यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता. घरात माणसं भरपूर होती, कुणी ना कुणी जागं असायचं, आणि मोठ्यांच्या धाकाने पोरं खुंटीखाली उभीसुद्धा राहत नसत. आता एरवी घरात आम्ही दोघंच. आणि गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की माजघरभर मुलं झोपतात. आजोबांचा धाक त्यांनी पाहिलेला नाही. त्यांना बंदूक फक्त मोबाइलमधल्या खेळातली माहीत आहे.

म्हणून कपाट निवडताना मी पहिल्यांदा एक गोष्ट पक्की केली. हे कपाट चोरासाठी कमी आणि आपल्याच माणसांसाठी जास्त आहे. आपलीच म्हणजे मुलं, दारू पिऊन आलेला एखादा पाहुणा, आणि ज्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कळलेलं नाही असं घरातलंच कुणीतरी. कर्जाने, भांडणाने, परीक्षेने खचलेल्या माणसाची वाईट वेळ कधीकधी काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत हाताला काय लागतं यावर सगळं ठरतं. कीटकनाशकाची बाटलीही मी आता कुलपात ठेवते, त्याच कारणासाठी.

हे ठरलं की बाकीचं आपोआप सुटत जातं. सगळ्यात आधी कुलूप.

किल्लीचं कुलूप मजबूत असतं, साधं असतं, दुरुस्त करता येतं. पण किल्ली कुठे ठेवणार? देवखोलीतल्या तसबिरीमागे, तांदळाच्या कणगीत, कपाटावरच्या डब्यात. घरातल्या मुलांना या जागा मोठ्यांपेक्षा आधी माहीत असतात. अमेरिकेत अलाबामा राज्याच्या ग्रामीण भागात केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. बंदूक कुठे असते ते आमच्या मुलांना ठाऊक नाही, असं सांगणाऱ्या आईवडिलांपैकी ३९ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं ठरवलं. मुलांना जागा माहीत होती. कोकणातल्या घरात हा आकडा कमी निघेल असं मला वाटत नाही.

बोटाचा ठसा घेणारी कुलपं आता सर्रास मिळतात. दुकानदार पहिल्यांदा तीच दाखवतो. मी ती दोन कारणांनी नाकारली. एक तर बागायतदाराची बोटं. काजूच्या बियांचा डिंक, चुना, कोयता यांनी माझ्या अंगठ्यावरच्या रेषा इतक्या झिजल्यात की रेशन दुकानातलं मशीनसुद्धा मला सहज ओळखत नाही. पावसात ओल्या हाताने तर नाहीच. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत अशा ठशाच्या सुमारे ६१,००० तिजोऱ्या परत मागवाव्या लागल्या. मालकाने ठसा नोंदवला असं त्याला वाटे, पण प्रत्यक्षात कुलूप कुणाच्याही बोटाने उघडत होतं. एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचं प्रकरण त्यातून कोर्टात गेलं. तरीही कुणी ठशाचं कुलूप घेणारच असेल, तर ठसा न नोंदवलेल्या चार माणसांची बोटं लावून बघितल्याशिवाय त्यात बंदूक ठेवू नये.

बटणं दाबून आकडे घालायचं इलेक्ट्रॉनिक कुलूप त्यापेक्षा बरं. पण आमच्या हवेत बॅटरीला हिरवी बुरशी धरते आणि ती बदलायची आठवण नेमकी जुलैत राहत नाही. मी शेवटी गोल चकतीचं कुलूप घेतलं, जुन्या तिजोऱ्यांवर असतं तसं. चकतीवर १०० खुणा, तीन आकडे, ठरलेल्या दिशेने ठरलेले फेरे. बॅटरी नाही, लपवायला किल्ली नाही. आकडे फक्त परवानाधारकाला माहीत. ते कुणाच्याही जन्मतारखेचे नाहीत आणि फोनमध्येही नाहीत. माझं काही बरंवाईट झालं तर म्हणून एक बंद पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये आहे.

बाबांना चकती पटली नाही. "डुकर भातात, आणि तू आकडे जुळवीत बसतलंस?"

"बाबांनू, बार भरूक तुमका किती वेळ लागता?" मी विचारलं.

ते हसले. ठासणीची बंदूक म्हणजे आधी नळीत मोजून बंदुकीची काळी दारू, मग बुजगा, म्हणजे दाबून बसवायचा बोळा, मग छरे, पुन्हा बुजगा, प्रत्येक वेळी गजाने ठासायचं आणि शेवटी केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची. सवयीच्या हातालाही यात जो वेळ जातो, त्यापेक्षा चकतीला कमी लागतो. शिवाय डुकराला मारायला वनखात्याची परवानगी लागते. आमचा बार बहुतेक वेळा नुसत्या आवाजाचा असतो, हाकलण्यापुरता. ही बंदूक उशाशी ठेवायची नाहीच. भरून ठेवलेली बंदूक झटपट हाताशी हवी, या हट्टापायीच लोक कपाट टाळतात.

आणि भरलेली बंदूक कपाटात ठेवण्यात अर्थच नाही. काही जण बार ठासून, फक्त केप काढून बंदूक टांगतात. बघणाऱ्याला ती रिकामी वाटते, पण आत दारू आणि छरे तसेच असतात. आमच्या गजावर बाबांनी फार पूर्वी एक खाच पाडली आहे. नळी रिकामी असली की गज खाचेपर्यंत आत जातो, बार भरलेला असला की खाच वर राहते. बंदूक कपाटात जाण्याआधी प्रत्येक वेळी गज घालून बघायचा, हा नियम मी दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलाय. केप वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. दारू लाकडी पेटीत, चुलीपासून आणि विजेच्या बोर्डापासून लांब. तीसुद्धा पोलादी कपाटातच ठेवावी असं पुष्कळांना वाटतं, पण काळी दारू घट्ट बंद पोलादात पेटली तर ती जळून संपत नाही, फुटते.

आता पत्रा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे आधी लक्षात घ्यायचं. घरातलं कपड्यांचं लोखंडी कपाट २० ते २२ गेजचं असतं, म्हणजे एक मिलिमीटरहूनही कमी. ते पहारीने केळीच्या सोपटासारखं उलगडतं. बंदुकीच्या कपाटांसाठी ब्रिटनमध्ये बीएस ७५५८ नावाचं मानक आहे, त्यात किमान २ मिलिमीटरचा पत्रा धरलाय. मी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ मिलिमीटरचं करून घेतलं. तो म्हणत होता, "ताई, १८ गेजात मस्त होईल, उचलायलाही हलकं." हलकं मला नकोच होतं.

तयार तिजोऱ्या मी कोल्हापूरला जाऊन बघितल्या. त्या दागिन्यांच्या आणि कागदपत्रांच्या मापाच्या. बाराबोअरची दुनळी सुटी होते, तिची नळी वेगळी काढून ३० इंचांत बसवता येते. ठासणीच्या बंदुकीचं तसं नाही. आमची ५२ इंच लांब आहे, तिला उभीच ठेवावी लागते.

चौकटीबद्दल तीन गोष्टी मी त्याला करायला लावल्या आणि त्यांवर मी अडून बसले. दार चौकटीच्या आत बसलं पाहिजे, म्हणजे फटीत पहार घुसत नाही. बिजागऱ्यांच्या बाजूलाही आतून पक्के खिळे हवेत, मग बाहेरून कुणी बिजागरी कापली तरी दार निघत नाही. आणि कुलपाच्या मागे जादा कडक पोलादाची पट्टी हवी, कारण ड्रिल तिथेच लावतात. एवढं सगळं करूनही ग्राइंडर आणला तर ३ मिलिमीटरचा पत्रा कापला जातो. अमेरिकेत घरगुती गन सेफला जो आरएससी (रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर) दर्जा देतात, त्याच्या पहिल्या पायरीची कसोटीच मुळी साध्या हत्यारांपुढे पाच मिनिटं टिकण्याची आहे. ग्राइंडरचा आवाज मात्र आमच्या वाडीत रात्री शेवटच्या घरापर्यंत जाईल, आणि मला तेवढं पुरे आहे.

सगळं मिळून वजन साठ किलोच्या आसपास भरलं. म्हणजे दोन माणसं ते अख्खं उचलून टेम्पोत घालू शकतात. म्हणून कपाट बांधून टाकणं हे कपाटाइतकंच महत्त्वाचं, आणि इथे आमच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती आडव्या येतात. काँक्रीटमध्ये फुगून पकड घेणारे फास्टनर चिऱ्यात नीट धरत नाहीत. चिरा भुसभुशीत, भोक मोठं होत जातं आणि बोल्ट हाताने ओढला तरी हलतो. मी खाली काँक्रीटचा चार इंच उंच ओटा घातला, त्यात बोल्ट आधीच गाडले आणि कपाट आतून नटांनी आवळलं. मागच्या बाजूला भिंतीतून आरपार बोल्ट घेऊन पलीकडे, म्हणजे धान्याच्या खोलीत, लोखंडी पट्टी लावली. ओट्याचा दुसरा फायदा म्हणजे जमिनीची ओल तळाला लागत नाही.

ओल हाच कोकणातला खरा वैरी आहे, आणि बाहेरच्या देशांतली माहिती वाचून कपाट घेणारे इथेच फसतात. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ९० टक्क्यांच्या पुढे असते. बंद पोलादी पेटीत ती हवा अडकली की आठवड्यात नळीवर तांबूस पूड दिसते. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोऱ्यांच्या भिंतीत बहुधा जिप्समचे थर असतात. जिप्सममध्ये पाणी बांधलेलं असतं, आगीत ते वाफ होऊन बाहेर पडतं आणि आतला माल थंड ठेवतं. गुण मोठा आहे, पण आमच्या हवेत बंदुकीशेजारी तो थर मला नको वाटला. फोम आणि मखमलही मी लावू दिली नाही, दोन्ही ओल धरून ठेवतात. आत फक्त दस्ता टेकायला रबराची चकती आणि नळीला लाकडी खाच.

सिलिका जेलच्या पिशव्या कपाटात चार कोपऱ्यांत आहेत. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायचे, पुन्हा वापरता येतात. विजेवर गरम राहणारी दांडी मिळते, ती चांगलीच, पण ज्या पावसात तिची गरज असते त्याच पावसात आमच्याकडे वीज नसते. एक छोटं आर्द्रतामापक आत ठेवलंय. काटा ५० च्या आसपास असला की मी निश्चिंत, ६० च्या वर गेला की दाणे बदलते. आणि यातलं काहीही उपयोगाचं नाही, जर बार काढल्यावर नळी धुतली नाही तर. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते. आधी कढत पाणी, मग कोरडी चिंधी, मग शिलाई मशीनचं तेल. खोबरेल तेल लावू नये, ते चिकट होतं.

जागा निवडताना ओटी आणि पडवी मी आधीच वगळली. येणाऱ्याजाणाऱ्याला कपाट दिसताच कामा नये. पश्चिमेची भिंतही नको, तिच्यावर पाऊस थेट झोडपतो. माझ्या निजायच्या खोलीतला आतल्या भिंतीचा कोपरा मिळाला. खंडेनवमीला बंदूक पूजेसाठी बाहेर येते. आता ती रिकामी करून, गज घालून तपासून येते, आणि आरती संपली की निरांजन विझायच्या आधी आत जाते. निवडणुकीच्या वेळी आदेशाप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा केली की मिळणारी पावती आणि परवान्याची प्रत मी कपाटात ठेवत नाही, वेगळ्या फायलीत ठेवते. बंदूक चोरीला गेली तर क्रमांक लगेच पोलिसांना देता आला पाहिजे, आणि तोच कपाटासोबत गेला तर काय द्यायचं?

कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्गकडे कुणाला असंच करून घ्यायचं असेल तर माझी मापं देते. आतली उंची ५८ इंच, रुंदी १४, खोली १२. गज बंदुकीला लावलेला असताना लांबी मोजा, काही गज नळीच्या पुढे येतात. बोल्टची भोकं पाडल्यावर उघड्या पडलेल्या लोखंडाला लगेच रेड ऑक्साइड लावा. रंग पूर्ण वाळून वास जाईपर्यंत दार उघडं ठेवा, आणि तोवर बंदूक आत ठेवू नका. आणि हे सगळं मेच्या आधी उरका, पाऊस सुरू झाला की ना काँक्रीट नीट सुकत, ना रंग.