"हिशेब\2023" सापडेना तेव्हा

मामांच्या दुकानाची २०२० ते २०२३ ची बिलं एकाच फोल्डरमध्ये साचली होती. ती वर्षावार लावायला मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, दिला "हिशेब\2023". एरर आली: असं फोल्डरच नाही. फोल्डर तर समोर उघडं होतं.

आधी संशय मराठी नावावर गेला. मग परमिशन पाहिल्या, स्पेलिंग तपासलं. दोन तास असेच गेले. शेवटी पाथ प्रिंट केला, तर स्क्रीनवर "हिशेब3" एवढंच! 2022 चा पाथ "हिशेब2", 2021 चा "हिशेब1".

तिथे उलगडलं. साध्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणात लिहिलेल्या मजकुरात, बॅकस्लॅशनंतर ० ते ७ मधले अंक आले, की पायथॉन त्यातले जास्तीत जास्त तीन ऑक्टल, म्हणजे अष्टमान पद्धतीतली संख्या, म्हणून वाचतो. इथे पहिले तीन अंक २०२ आणि उरला ३. ऑक्टल २०२ म्हणजे आपले १३०, आणि त्या क्रमांकाचं कॅरेक्टर डोळ्यांना दिसतच नाही. मी लिहिलेला पाथ विंडोजपर्यंत पोचलाच नव्हता. मराठी नाव बिचारं निर्दोष होतं. उलट फोल्डरचं नाव देवनागरी अंकांत "२०२३" असतं, तर हा घोळ झालाच नसता. ते अंक पायथॉन ऑक्टल धरत नाही.

बॅकस्लॅश दोनदा दिला, "हिशेब\\2023", आणि फाइली हलल्या. प्रत्येक ठिकाणी दोनदा देणं किचकट, म्हणून अवतरणाआधी आर (r) लावून रॉ स्ट्रिंग, म्हणजे बॅकस्लॅश जसाच्या तसा ठेवणारी स्ट्रिंग, केली. तीही एका जागी अडली. पाथच्या शेवटी एकच बॅकस्लॅश ठेवला, तर तो बंद होणाऱ्या अवतरणाला चिकटतो आणि स्ट्रिंग संपतच नाही.

पुढे पाथ जेसन (JSON) फाइलमध्ये, म्हणजे माहिती ठेवायच्या साध्या मजकूर फाइलमध्ये, हलवले. तिथे एकेरी बॅकस्लॅशनंतर 2 दिसताच वाचन थांबलं आणि चुकीचा एस्केप, म्हणजे बॅकस्लॅशने सुरू होणारी खूण, कुठल्या ओळीत आहे तेही कळलं. जेसनमध्ये ऑक्टल एस्केप नाहीतच. मला हे कडक वागणं फार आवडलं. पायथॉनने गुपचूप दुसरंच कॅरेक्टर बनवलं, त्यापायी माझे दोन तास गेले. इथे दोन मिनिटांत दुरुस्ती झाली.

आता सगळीकडे "हिशेब/2023" असं लिहितो. पायथॉनमधून दिलेला पुढे झुकलेला स्लॅश विंडोजलाही चालतो, आणि स्ट्रिंगमध्ये त्याला वेगळा अर्थ नाही.