हातात गिअर, पायात क्लच: आमची वाटचाल

कोल्हापुरात हँड गिअर, म्हणजे पायाऐवजी हातानं पाडायचा गिअर, पहिल्यांदा कुणी बसवला यावर हल्ली बरेच जण बोलतात, म्हणून लिहून ठेवतो: आम्ही. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यात, जुन्या फोर-स्पीड बुलेटवर. आणि तो हौसेखातर नव्हे, गरजेपोटी.

गाडी आबांची. आबा पन्हाळ्याच्या बाजूचे, घरचं गुऱ्हाळ. चरकात ऊस सारताना डाव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. घरच्यांनी बुलेट विकायला काढली, तर हे पोराच्या मागं बसून ती आमच्या दारात घेऊन आले. म्हणाले, "क्लच दाबता येत न्हाय एवढंच. बाकी गाडीला आन मला काय झालंय?" खरंच होतं. मूठ आवळता येत नव्हती, पण तळव्यानं ढकलायला आणि मनगटानं ओढायला त्या हातात जोर पुरेपूर होता. मग क्लच पायात द्यायचा आणि गिअर हातात.

यात नवीन असं काही नाही. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना पायातला गिअर 1952 साली आला. त्याआधी टाकीच्या डाव्या अंगाला गिअरचा दांडा आणि डाव्या पायाखाली क्लच हीच रीत. महायुद्धातल्या त्यांच्या लष्करी डब्ल्यूएलए गाड्याही तशाच, तीन गिअरच्या. पण ती गाडी मुळातच तशी घडवलेली. बुलेट तशी नाही.

जुनी बुलेट चालवलेल्यांना सांगायला नको: गिअर उजव्या पायात, पहिला वर, बाकीचे खाली, मागचा ब्रेक डाव्या पायात. फोटो बघून काम करणारे क्लचचा पेडल डावीकडेच लावायला जातात. मग ब्रेक उजवीकडे न्या, त्याचा रॉड बदला, शाफ्ट बदला, सगळंच हललं. आम्ही ब्रेकला हातच लावला नाही. पायातला गिअर निघाल्यावर उजवीकडची जागा मोकळीच होती, आणि बुलेटचा क्लच उचलणारा लिव्हरही गिअरबॉक्सच्या उजव्याच कव्हरमध्ये असतो. पेडल तिथंच दिला, केबल आखूड झाली. शिवाय आपला रस्ता डाव्या कडेला उतरता. सिग्नलला डावा पाय टेकायचा, उजवा क्लचवर, गाडी पुढच्या ब्रेकवर उभी. टाचेखालचा न्यूट्रल फाइंडर, म्हणजे गाडी थेट न्यूट्रलला आणणारा छोटा लिव्हर, तोही जागच्या जागी राहिला. आबा पंजानं क्लच धरून टाचेनं न्यूट्रल पाडायला इतके सरावले की बघणाऱ्याला कळायचंही नाही.

दांडा मात्र डावीकडेच हवा, कारण उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक. म्हणजे उजव्या कव्हरातून निघणारी हालचाल गाडीच्या या अंगावरून त्या अंगाला न्यायची. इथं चाचा आले.

चाचा आमचे पहिले भागीदार. लेथवरचे मिस्त्री, भांडवल म्हणून स्वतःचा रीमरचा, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणायच्या हत्यारांचा, डबा घेऊन आलेले. तो डबा दुसऱ्या कुणी उघडायचा नाही, मी सुद्धा. गिअरबॉक्सच्या मागून आडवा शाफ्ट न्यायचं त्यांनी ठरवलं. ईएन-8 पोलादाचा बार, दोन्ही टोकांना तो ज्यात फिरतो ते गनमेटलचे बुश. रीमर हातानं फिरवायचा, मशीनवर नाही. बुश तयार झाला की शाफ्टला तेलाचं बोट लावून तो बुशात उभा धरायचे. शाफ्ट स्वतःच्या वजनानं सावकाश खाली आला तर बरोबर. धाडकन पडला तर बुश भंगारात. असे कितीतरी चांगले दिसणारे बुश मी भंगारात जाताना पाहिले आहेत आणि मनातल्या मनात पैसे मोजले आहेत. पण प्रत्येक सांध्यात थोडा थोडा खेळ, म्हणजे ढिलेपणा, राहिला की दांड्याच्या टोकाला तो इतका वाढतो की गिअर पडला की नाही कळत नाही. त्या गिअरबॉक्सला मुळातच दोन गिअरच्या मध्ये, कुठलाच गिअर पडत नाही असा, खोटा न्यूट्रल सापडायची खोड. दांडा जोडण्याआधी कव्हर खोलून रॅचेटची, म्हणजे एकेक गिअर सरकवणाऱ्या यंत्रणेची, अ‍ॅडजस्टर प्लेट नीट लावून घ्यायची, नाहीतर दोष दांड्याला जातो.

क्लचचं गणितही लोक अंदाजानं करतात. हातातला लिव्हर पूर्ण दाबल्यावर केबल किती ओढली जाते ते आधी व्हर्नियर मापपट्टीनं मोजा. पेडलनं तेवढीच ओढली पाहिजे. कमी ओढली तर क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर खरडतात. जास्त ओढली तर क्लच ढकलणाऱ्या आतल्या पुशरॉडवर उगाच जोर. पेडलखाली स्टॉपरचा बोल्ट द्या, त्याला लॉकनट द्या. आणि क्लच दाबलेल्या जागी पेडल थांबून राहील अशा घर्षणाच्या चकत्या घाला. स्प्रिंगनं परत येणारा पेडल, ज्याला शौकीन लोक कौतुकानं सुसाइड क्लच म्हणतात, तो आम्ही कुणालाच बसवून दिला नाही. सिग्नलला पाय घसरला की गाडी पुढच्या एसटीखाली. नावातच सगळं आलं.

आबांची गाडी फिरायला लागली आणि कामं येत गेली. मधली वर्षं बरी गेली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मग आमच्याकडेच हेल्परीला असलेल्या एका मुलानं हायवेला स्वतःचं दुकान टाकलं. नाव लिहीत नाही, उद्यमनगराला ठाऊक आहे. दुकान टाकायला हरकत नव्हती, मीही कुणाकडे तरी शिकलोच. पण त्याच्या जाहिरातीत आबांची बुलेट. फोटोत मागं आमच्या गाळ्याचं शटर स्पष्ट दिसतं, वरचा बोर्ड तेवढा कापलेला. दर आमच्या निम्मा. कसा परवडतो? लिव्हरच्या बॉसला, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या भोकाच्या जाड टोकाला, आतून दाते पाडायला आम्ही स्लॉटिंग मशीन लावतो. तो कंपनीच्या गिअर पेडलचा बॉस कापतो, त्याला लेझर-कट पट्टी वेल्ड मारतो, वर कवटीची मूठ. दिसायला झकास. असा जोड वेल्ड संपतो त्या कडेलाच तडकतो, हे त्याला चाचांनी माझ्यासमोर शिकवलं होतं.

तसाच एक जोड आंबा घाट उतरताना तुटला. गाडी तिसऱ्यात अडकली, माणूस थोडक्यात वाचला. बोभाटा झाला तो "कोल्हापूरचा हँड गिअर तुटला" असा. फोन मला. मी बिलाचा नंबर विचारायचो, समोरून फोन बंद.

त्यातच जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत चालणार नाही. शौकाची सगळी कामं थांबली. लोक अ‍ॅडव्हान्स परत मागायला रांगेनं उभे. देणं भाग होतं, दिला. स्लॉटिंग मशीनचे हप्ते चालू होते, म्हणून पिलर ड्रिल विकलं. चाचांनी हिस्सा मागितला नाही, मुलाच्या रिक्षावर घर चालवलं आणि रोज सकाळी येऊन लेथ पुसत बसले. हायवेवाला मात्र रात्री शटर ओढून काम करतच होता.

आबांना ही बातमी गूळ मार्केटात कळली. ते आपली फाइल घेऊनच आले. त्यांची गाडी पहिल्यापासून आरटीओत रीतसर नोंदवलेली. त्या वेळी त्या कागदांवरून मीच कुरकुर केली होती. त्याच कलम 52 मध्ये अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायला परवानगीची सोय आहे. जुन्या कायद्यात त्याला इनव्हॅलिड कॅरेज म्हणत, 2019 च्या दुरुस्तीनंतर अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल म्हणतात. आबा म्हणाले, "मालक, चरकात हात गेलेलं, मशिनीत बोटं गेलेलं या जिल्ह्यात मी एकटाच हाय व्हय?" पुढच्या आठवड्यापासून माणसं घेऊन यायला लागले. कुणी साखर कारखान्यातला, कुणी फाउंड्रीतला, एक तर आमच्याच मागच्या गल्लीतल्या पॉवर प्रेसवरचा.

आता तेवढंच काम करतो. आधी परवानगी, मग काम, मग तपासणी आणि आरसीवर नोंद. हा क्रम उलटा करून आलेली गाडी आत घेत नाही. लायसन्सवरही तशी नोंद लागते, विमा कंपनीला कळवावं लागतं. आणि गाडी घेऊन जाताना प्रत्येकाला सांगतो, तुम्हालाही सांगतो: वळणात दांड्याला हात घालू नका, गिअर वळणाआधीच पाडून घ्या. एका हातावरचं हँडल खड्ड्यात फिरतं. केबलला महिन्यातून एकदा तेल.

दांड्याला मूठ लाकडी किंवा नायलॉनची मिळेल. तळव्याला टोचू नये म्हणून आबांच्या हाताच्या मापानं वरून चपटी केलेली, तोच साचा अजून चालू आहे. कवटी हवी असेल तर हायवेला जा.