मिटलेले शिनाणे

रत्नागिरीत शिनाणे, म्हणजे समुद्राच्या खडकांना धरून राहणारे खाण्याचे शिंपले, घेताना एकच पाहायचं: शिंपा घट्ट मिटलेला हवा. ओहोटीला खडकांवरून ते खरवडून आणणाऱ्या मावशींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मिटलेलं तेच घे गो बाय. आ वासलेलं म्हणजे मेलेलं." त्यांच्याकडूनच बारा घेतले. कालवणासाठी नव्हे, प्रयोगासाठी.

चार दिवस टाकीत रुळल्यावर एकेकाला वेगळ्या बरणीत ठेवलं. सगळ्यांच्या पाण्यात आयसोक्रायसिस हे सूक्ष्म शेवाळ घातलं. त्याने पाणी फिक्या चहासारखं दिसतं. सहा बरण्यांत त्याशिवाय पीव्हीसीची बारीक भुकटी, आपल्या नळाच्या पाइपांचं असतं तेच प्लास्टिक. तेरावी बरणी बिनशिनाण्याची, शेवाळ आपसूक किती खाली बसतं ते कळायला.

शिनाण्याचं जेवण म्हणजे पाणी गाळणं. कल्ल्यांवरची लव पाणी आत ओढते, कण अडवते. नको ते कण चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकले जातात. हा स्राव काही फुकट बनत नाही, त्यालाही ऊर्जा लागते.

अर्ध्या तासात साध्या बरण्यांतले शिंपे उघडले. भुकटीच्या बरण्यांतले दोन जेमतेम फटीएवढे उघडले, पांढरट दोरा बाहेर टाकला आणि मिटले. बाकीच्यांनी दारच उघडलं नाही. मी बोटाने बरणीवर टकटक केली. (असं करायचं नसतं. दचकून ते आणखी घट्ट मिटतात.)

दोन तासांनी साध्या बरण्यांतलं पाणी जवळपास नितळ, भुकटीच्या बरण्यांत चहा तसाच. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत मान अवघडली, पण आकडे डोळ्यांना दिसलं होतं तेच सांगत होते. समोर जेवण असून हे उपाशी होते. मावशींच्या हिशेबाने मात्र यांच्याइतके ताजे शिनाणे बाजारात मिळणार नाहीत!

याच जातीवरचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात रोज थोडा वेळ पीव्हीसीच्या कणांत ठेवलेल्या शिनाण्यांचं गाळणं 44 दिवसांनी मंदावलेलं दिसलं. खडकाला धरून ठेवणारे धागेही ते कमी बनवत होते. 91 दिवसांत, जितके कण जास्त तितके मेले जास्त. त्या कणांचं प्रमाण आपल्या समुद्रात सहसा सापडतं त्याहून फार मोठं होतं, हेही सांगायला हवं. माझं प्रमाणही तसंच, भरमसाट.

खरा धक्का संध्याकाळी बसला. साध्या बरणीच्या तळाशी शिनाण्याने टाकलेला स्राव काचपट्टीवर घेतला, तर त्यात निळा धागा. ज्या पाण्यात प्लास्टिक नसायलाच हवं होतं, त्यात! गाळणी तपासली, नळ्या तपासल्या. मग खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या माझ्या ओढणीकडे लक्ष गेलं. जॉर्जेट, निळी, पॉलिएस्टरची.

सरांना फोन केला. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "धागा नोंदवहीत लिहून ठेव. आणि चिखल घालून पाहिलास का? गढूळ पाण्यातही मिटतातच ते. दोष प्लास्टिकचा की नुसत्या कणांचा, हे त्याशिवाय कसं कळणार?"

नव्हता पाहिला. दुसऱ्या दिवशी सुती कुडता घालून, बादली घेऊन भाट्याच्या खाडीवर गेले. मावशी तिथेच भेटल्या. मी चिखल भरतेय हे पाहून म्हणाल्या, "आता ह्यो पण घरी नेतंस?"