तीनशे रुपयांचं पाचाचं नाणं

मंगळवार बाजारातनं परवा एक जाडजूड पाचाचं नाणं आणलं. कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा गायब. विकणारा म्हणाला, "टांकसाळीची चूक हाय मालक, असलं सापडत नाही." दिले तीनशे.

आज सराफ कट्ट्यावरच्या ओळखीच्या काकांना दाखवलं. त्यांनी आधी काट्यावर टाकलं. अख्खं असतं तर ९ ग्रॅम, हे साडेआठच्याही खाली. पण कमी वजनाने काहीच ठरत नाही म्हणे, तुकडा कुठंही गेला तरी वजन घटणारच. मग भिंग माझ्या हातात दिलं. "तुटलंय ते बघू नको, त्याच्या बरोब्बर समोरची कड बघ."

समोरची कड चांगली जाड, उठावदार. फसलो तो तिथंच! ठसा पडायच्या आधीची कोरी चकतीच मुळात अर्धवट कापली गेली असेल, तर कड उचलायच्या यंत्रात खाचेसमोरच्या बाजूला दाब बसत नाही, कड दबकी राहते. शिवाय ठसा पडताना धातू खाचेकडे सरकतो, तिथली अक्षरं ओढल्यागत पुसट होतात. माझ्या नाण्यावरची अक्षरं सुरीनं कापावीत तशी कापलेली, आणि कापावर कानशीचे बारीक ओरखडे.

आजोबांकडच्या एका रुपयावर वाकडी रेघ आहे, ओरखडा समजून मी ती कधी नीट पाहिलीच नव्हती. काका म्हणाले, नख फिरव. रेघ वर आलेली असेल तर टांकसाळीत नाणं छापायच्या ठशालाच तडा होता, खोल गेलेली असेल तर कुणीतरी नंतर ओढलेली. घरी येऊन फिरवलं. वर आलीय!

तीनशेचं घरी अजून सांगितलेलं नाही. पोस्ट वाचून कळेलच.