काळी चार

डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात गाणारे बुवा आमच्याकडे, आवाजाच्या डॉक्टरांकडे, येतात ते गणपतीची चवथ उलटल्यावर, घसा पार बसल्यावर. हे बुवाही तसेच आले. ‘आ’ लांबवायला सांगितला तर ७ सेकंदांत संपला; त्या वयाच्या पुरुषाला १५-२० सेकंद सहज जमतो. मग तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, अगदी हळू ‘ऊ’ काढायला लावला. नुसती हवा आली. तोच सूर ठोकून लावला तेव्हा मात्र लागला. गळ्यातल्या, कंपन पावून आवाज काढणाऱ्या स्वरपट्ट्यांना सूज आली की आधी वरचे, नाजूक सूर जातात आणि ओरडून काढलेले शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळे गाणाऱ्याला आवाज शाबूत आहे असंच वाटत राहतं.

गळा तपासायच्या दुर्बिणीचं भिंग गरम पाण्यात बुडवून घेतलं, नाहीतर श्वासाची वाफ बसून काही दिसत नाही. स्ट्रोबोस्कोपचा दिवा आवाजाच्या कंपनांशी जवळजवळ जुळवून लुकलुकतो, म्हणून सेकंदाला शेकडो वेळा होणारी उघडझाप संथ दिसते. दोन्ही पट्ट्यांवर, पुढच्या तृतीयांशाच्या टोकाला, समोरासमोर गाठी. पट्ट्या मिटताना गाठी एकमेकींना टेकत आणि पुढेमागे फट राही, डमरूसारखी. वाया जाणारी हवा तिथून निसटत होती.

बुवांना पेटीवरून समजावलं. भाता म्हणजे फुप्फुसं. पेटीत प्रत्येक सुराला वेगळी पत्ती असते, गळ्यात मात्र पट्ट्यांची एकच जोडी, पुरुषात साधारण दोन सेंटिमीटरची. खालून हवेचा दाब आला की आधी खालची कड उघडते, मग वरची, आणि लवचिकपणाने त्या पुन्हा मिटतात. हवेचे असे तुकडे पडतात, तोच आवाज. ‘आ’ की ‘ई’ हे वर जीभ आणि तोंड ठरवतं. वर चढायला पट्ट्या ताणाव्या लागतात. कंठमण्याच्या लगेच खाली बोट ठेवून सूर चढवा, तिथली खाच अरुंद झालेली बोटाला कळते.

बुवांची गाण्याची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी कळ हाच त्यांचा ‘सा’. म्हणजे मध्य षड्जाला स्वरपट्ट्यांच्या सेकंदाला सुमारे २०८ टाळ्या, तार षड्जाला ४१५. मध्य षड्जच धरला तरी तासाला साडेसात लाख. वल्हं मारणाऱ्याच्या तळव्याला घट्टे पडतात तशा या गाठी.

शहरातल्या एका दवाखान्यात त्या एकदा काढूनही झाल्या होत्या. दीड वर्षात परत आल्या. घट्टा कापला आणि वल्हं तसंच हातात दिलं, दुसरं काय होणार? नाजूक आवरणावर वण राहिला असता तर आवाज कायमचाच गेला असता. सुदैवाने राहिला नव्हता.

कारण सापडलं ते वहिनींमुळे. ‘पावसात ह्यांचो आवाज बरो असता,’ त्या सहज म्हणाल्या. पण पावसात भजनं थोडीच बंद असतात! श्रावणाआधीपासून घरोघरी चालू असतात. बंद असते ती यांत्रिक बोटींची मासेमारी, १ जून ते ३१ जुलै. बुवा सकाळी जेटीवर लिलाव पुकारतात, हे मी विचारलंच नव्हतं. बाजूला डिझेल इंजिनं, बर्फाचा भुगा करणारं यंत्र, बायकांची बोली. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, त्याला स्वतःला पत्ताही लागत नाही. डबलबारीतही तेच: कर्णे लोकांकडे तोंड करून, बुवाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मंडळं रोषणाईवर पैसे उधळतात, बुवासमोर एक छोटा स्पीकर ठेवायचं कोणाला सुचत नाही.

लिलावाला पुतण्या उभा केला. बुवांना पेल्यातल्या पाण्यात दोन बोटं खोल स्ट्रॉ धरून ‘ऊ’ करत बुडबुडे काढायला लावले, पाच-पाच मिनिटं, दिवसातून पाच वेळा. तोंडाकडून उलटा दाब येतो, पट्ट्या हलक्या टेकतात. पहिला आठवडा फुकट गेला, कारण ‘बोलू नका’ म्हटल्यावर ते कुजबुजत राहिले. जोर लावून कुजबुजलं तर गळा आवळलेलाच राहतो. हे आधी सांगायला हवं होतं, ती चूक माझी. आणि गाण्याची पट्टी खाली, काळी दोनवर आणायला सांगितली.

‘डाक्टर, पट्टी उतरवलंय तर लोक काय म्हणतले?’

दहा आठवड्यांनी गाठी जवळजवळ विरल्या होत्या, ‘आ’ १६ सेकंद टिकत होता. लोक मात्र म्हणालेच, बुवांचो आवाज गेलो म्हणून. समोरचा बुवा काळी चारात गजर लावतो आणि हे दोनात, मग कोरसवालेही ढिले पडतात.

लिलाव बंद आणि पट्टी खाली, हे दोन्ही मी एकाच दिवशी केलं. त्यामुळे गुण कशाने आला ते आता मलाच सांगता येत नाही. खरा दोष लिलावाचाच असेल, तर गाण्याचं नाक मी उगाच कापलं.

परवा सप्त्यात बुवांनी काळी तीन धरल्याचं पखवाजवाल्याकडून कळलं. मंगळवारी तपासणीला बोलावलंय.