पंपाला दाद न देणारा दमा

त्या बाई तीन वर्षं दम्याचे पंप घेत होत्या. शेवटच्या चार महिन्यांचे तर मीच लिहून दिलेले. त्यामुळे आधीच्या डॉक्टरांवर ढकलून मोकळं होण्याची सोय नव्हती.

त्या दिवशी ओपीडीत त्या खुर्चीत टेकायच्या आधीच आवाज कानावर आला. दम्याची शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना वाजते; ही आत घेताना वाजत होती. स्टेथोस्कोप गळ्यावर ठेवला तर तिथेच आवाज सगळ्यात मोठा. फाइल पुन्हा उघडली. छातीचा एक्स-रे 'नॉर्मल'. त्यात आपण सगळे फुप्फुसं बघतो, मधली श्वासनलिकेची पट्टी कोण बघतो? स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे नळीत फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीच्या, आलेखात मात्र उत्तर होतं. वरची रेघ श्वास सोडतानाची, खालची घेतानाची. दम्यात वरची रेघ उतरताना आत खचते. इथे वरची-खालची दोन्ही सपाट, काड्यापेटीसारखी. म्हणजे अडथळा मुख्य नळीतच. चार महिन्यांपूर्वी मी याच कागदावरचे आकडे वाचले होते, चित्र बघितलं नव्हतं.

सीटीत गाठ दिसली. हवेला वाट उरली होती जेमतेम 5 मिलिमीटर.

थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांनी आधीच बजावलं, "स्नायू सैल करायचं औषध इतक्यात नाही. दुर्बीण आत जाईपर्यंत त्यांचा श्वास त्यांनाच घेऊ दे." ताठ दुर्बिणीतून गाठ दिसली: गुळगुळीत, गुलाबी, वर रक्तवाहिन्यांची बारीक जाळी. तुकडे काढत गेलो. रक्त थांबवायला जागा जाळायची, तर दिल्या जाणाऱ्या हवेतला ऑक्सिजन 40 टक्क्यांच्या खाली आणावा लागतो, नाहीतर नळीतच भडका उडायचा. जिला श्वास पुरत नाही तिचाच ऑक्सिजन कमी करायचा! मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा 86 वर आला की थांबायचं, 95 झाला की पुन्हा सुरू.

बायोप्सीत अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा निघाला. हा एरवी लाळग्रंथींचा कॅन्सर, पण तशाच बारीक ग्रंथी श्वासनलिकेच्या अस्तरातही असतात. सिगारेटशी याचं नातं नाही. वाढतो सावकाश, पण अस्तराखालून आणि नसांच्या कडेने सरकत जातो, त्यामुळे डोळ्यांना दिसते ती गाठीची खरी हद्द नसते. श्वासनलिका असते 10 ते 12 सेंटिमीटरची. सर्जननी त्यातली 4 काढून टोकं जोडली. एका कडेला सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सापडल्याच. पण आणखी कापलं असतं तर जोड ताणला गेला असता. उरलेलं काम रेडिएशनवर सोपवलं. पुढची कित्येक वर्षं स्कॅन करावे लागणार, कारण हा दहा वर्षांनीही फुप्फुसात डोकं वर काढतो.

जोडावर ताण येऊ नये म्हणून आठवडाभर हनुवटी छातीला टाक्यांनी बांधलेली. बोलायला मनाई. तिसऱ्या दिवशी राउंडला गेलो तेव्हा त्यांनी मान खाली तशीच ठेवून, मांडीवरच्या वहीत लिहिलं: "पंप घ्यायचा का अजून?"